श्रवणदोष, डिसॅबिलिटी पेन्शन आणि वैद्यकीय पुरावा

प्रश्न : मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने माझा दोन्ही कानांचा श्रवणदोष २० टक्के ठरवला. मात्र तो लष्करी सेवेमुळे झालेला नाही, असा शेरा दिल्याने डिसॅबिलिटी पेन्शन (अपंगत्व निवृत्तिवेतन) नाकारण्यात आली. आता खासगी कान-नाक-घसा तज्ज्ञांचे प्रमाणपत्र जोडून अपील केले तर चालेल का? – एक माजी सैनिक, जि. सातारा

उत्तर : आपल्याला कमी ऐकू येते, हे बोर्डाने मान्यच केलेले आहे; वाद आहे तो कारणाचा. त्यामुळे नुसते ‘श्रवणदोष आहे’ असे सांगणारे प्रमाणपत्र कितीही मोठ्या डॉक्टरांचे असले, तरी त्याने आपली बाजू पुढे सरकणार नाही.

आधी नाशिक रोड कॅम्प येथील तोफखाना रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करून भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी अहवाल, रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, सेवाकाळातील मेडिकल कॅटेगरीचे (वैद्यकीय श्रेणीचे) कागद आणि नेमणुकांचा तपशील मागवावा. टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. भरतीच्या अहवालात कानाच्या दोषाची नोंद नसेल, तर तो कागद फार मोलाचा आहे. धरमवीर सिंग या सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि पुढे उद्भवलेला विकार सेवेमुळेच झाला असे सामान्यतः गृहीत धरले जाते, ते सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नसतो आणि उलट मत द्यायचे तर मेडिकल बोर्डाने त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. आपल्या कार्यवाहीत कारणांच्या जागी एका ओळीचा शेरा असेल, तर अपिलात त्यावरच बोट ठेवावे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून डिसॅबिलिटी पेन्शनचे नवे पात्रता नियम लागू झाल्याने आपली निवृत्ती त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे पाहून घ्यावे.

खासगी तज्ज्ञांचे मत घ्यायचेच असेल, तर ते कारणापर्यंत पोहोचणारे असावे. मोठ्या आवाजाने कान बिघडला, की ऑडिओग्रामचा, म्हणजे श्रवणचाचणीचा, आलेख बहुधा ४००० हर्ट्झ या उंच स्वराच्या आसपास खाली जातो आणि ८००० हर्ट्झला पुन्हा थोडा वर येतो. वयोमानाने आलेल्या बहिरेपणात तो उंच स्वरांकडे उतरतच जातो. वय वाढले, की हा खळगा पुसट होतो, म्हणून नोकरीत असताना काढलेला जुना ऑडिओग्राम मिळवण्यासाठी खटपट जरूर करावी. कोणत्या तोफांवर किती वर्षे काम केले आणि कानांना संरक्षण होते का, हे डॉक्टरांना लिहून द्यावे, तसेच आलेखाचा अर्थ आणि सेवेशी असलेला संबंध प्रमाणपत्रात सकारण नमूद करण्याची विनंती करावी.

पहिले आणि दुसरे अपील फेटाळले गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते. अर्जाच्या मसुद्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे आणि मूळ कागद कोणाच्याही हाती न देता केवळ छायाप्रती द्याव्यात.