वाचकांचे प्रश्न : कागदामागे सोने किती होते?

प्रश्न : आमच्या घरातील दोन पिढ्या नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये नोकरीला होत्या. सोन्याचांदीच्या नाण्यांची सवय असलेल्या युरोपातील लोकांनी कागदी नोट मुळात स्वीकारली कशी, आणि तिच्यामागे खरोखर तेवढे सोने ठेवलेले असे का?
— एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

उत्तर : प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. तेवढे सोने बहुधा नसे, आणि पहिल्या नोटांच्या बाबतीत तर प्रश्न सोन्याचा नव्हताच, तांब्याचा होता. चीनमध्ये कागदी चलन कित्येक शतके आधीच चालून गेले होते. युरोपात बँकेने काढलेली पहिली नोट १६६१ साली स्टॉकहोममध्ये निघाली. स्वीडनकडे फालूनच्या खाणीतले तांबे मुबलक होते, म्हणून तेथे १६४४ पासून तांब्याच्या जाड पत्र्यांवर ठसे मारून तेच नाणे म्हणून चालवले जाई. त्यांतील दहा डालरचा (डालर हे स्वीडनचे चलन) पत्रा जवळजवळ २० किलो वजनाचा होता. असले चलन घरी सांभाळण्यापेक्षा योहान पाल्मस्ट्रुक याने १६५७ साली काढलेल्या बँकेत ठेवणे लोकांना सोयीचे वाटले, यात नवल नाही.

पाल्मस्ट्रुकने या ठेवी लांब मुदतीच्या कर्जात गुंतवल्या. पुढे १६६० साली सरकारने नवे पत्रे पूर्वीपेक्षा हलके पाडले, त्यामुळे जुन्या पत्र्यांतील तांब्याचे मोल वाढले आणि ठेवीदार आपापले जुने पत्रे परत मागण्यासाठी बँकेत येऊ लागले. बँकेजवळ ते कोठून असणार? तेव्हा पाल्मस्ट्रुकने पत्र्यांऐवजी ठरावीक रकमेचे, सह्या आणि शिक्के असलेले कागद द्यायला सुरुवात केली. हे कागद कोणा एका ठेवीदाराच्या नावाची पावती नव्हते. ज्याच्या हाती कागद असेल त्याला पैसे मिळतील, असे त्यावरचे वचन होते. वजनाचा त्रास वाचल्याने व्यापाऱ्यांनी ते आनंदाने घेतले. मग मात्र बँकेने नवी कर्जेही याच कागदांत देण्याचा सपाटा लावला, १६६३ मध्ये त्यांचा भाव घसरू लागला आणि पुढच्या वर्षी बँकेला ते वटवून देणे अशक्य झाले. पाल्मस्ट्रुकला १६६८ साली मृत्युदंड सुनावण्यात आला, जो पुढे तुरुंगवासावर निभावला. त्याच वर्षी स्वीडनच्या संसदेने स्वतःच्या देखरेखीखाली नवी बँक काढली आणि तिला सुरुवातीला नोटा काढण्याची मनाईच केली. आजची रिक्सबँक ती हीच.

अ‍ॅमस्टरडॅमने नेमका उलटा मार्ग धरला होता. तेथे नाना देशांची, कडा कातरलेली, झिजलेली नाणी बाजारात येत असल्यामुळे शहराने १६०९ साली आपली बँक काढली आणि ६०० गिल्डरवरील (गिल्डर हे तेथील चलन) हुंड्यांचा, म्हणजे ठरलेली रक्कम चुकती करण्याच्या लेखी कागदांचा, हिशेब तिच्या वहीतच मिटवण्याचा नियम केला. या बँकेने कर्जे द्यायची नाहीत, नाणी पारखून घ्यायची आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करायची, एवढेच तिचे काम मानले जाई. तिच्या वहीतील गिल्डरला बाजारातील रोख गिल्डरपेक्षा चढा भाव मिळे. प्रत्यक्षात तिने डच ईस्ट इंडिया कंपनीला आतून कर्जे दिली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते उघड झाले, पत गेली आणि १८१९ साली बँक बंद पडली.

टिकली ती लंडनची. युद्धखर्चासाठी इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याला पैसे हवे होते, तेव्हा भागधारकांनी सरकारला ८ टक्के व्याजाने १२ लाख पौंड दिले आणि त्याच्या बदल्यात १६९४ साली बँक ऑफ इंग्लंडची सनद मिळवली. व्याजाची तरतूद जहाजांवरील आणि मद्यावरील करांतून झाली होती. म्हणजे तिच्या नोटांमागे तिजोरीतील सोन्याबरोबरच, माझ्या मते त्याहूनही अधिक, संसदेने वसूल करायच्या करांचा भरवसा होता. फ्रान्सशी युद्ध चालू असताना १७९७ साली नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवावे लागले, ते १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाले नाही, आणि तरीही नोटा चालत राहिल्या. आपल्या माहितीसाठी सांगतो, १९२८ साली नाशिकला नोटांची छपाई सुरू होईपर्यंत भारताच्या नोटाही याच बँकेकडून छापून येत.

प्रश्न : ख्रिस्ती धर्मसंस्थेने व्याज पाप ठरवले होते, मग फ्लोरेन्सचे सावकार एवढे श्रीमंत झाले कसे?
— एक वाचक, सराफ बाजार, नाशिक

उत्तर : हुंडीच्या जोरावर. आपल्या बाजारपेठेतील लोकांना मुदती हुंडी नवी नाही. इटालियन व्यापाऱ्यांची हुंडीही त्याच जातीची होती, फक्त ती दोन देशांच्या चलनांत लिहिलेली असे. समजा, फ्लोरेन्समध्ये एखाद्या व्यापाऱ्याने सराफाकडून १०० फ्लोरिन (फ्लोरेन्सचे नाणे) घेतले आणि त्याबदली आजच्या बेल्जियममधील ब्रूज शहरात ६० दिवसांनी, दर फ्लोरिनला ५० ग्रोट (तेथील नाणे) या भावाने, ५,००० ग्रोट चुकते करण्याची हुंडी लिहून दिली. ब्रूजमध्ये फ्लोरिनचा भाव ४८ ग्रोट असेल, तर सराफाचा तेथील माणूस ते ५,००० ग्रोट दुसऱ्या कोणाला देऊन त्याच्याकडून फ्लोरेन्समध्ये फ्लोरिन चुकते करण्याची परतीची हुंडी घेई आणि फ्लोरेन्सला १०४ फ्लोरिन परत येत. वरच्या चार फ्लोरिनांना कोणी व्याज म्हणत नसे. तो चलनाच्या अदलाबदलीतील नफा होता, आणि भाव उलटा फिरला तर नुकसानही होऊ शकत असल्यामुळे बहुतेक धर्मपंडित तो व्यवहार खपवून घेत. जोव्हान्नी दि बिच्ची दे मेदिची याने १३९७ साली उभारलेल्या बँकेच्या रोम, व्हेनिस, ब्रूज, लंडन येथील शाखांची कमाई मोठ्या प्रमाणात अशीच होती.

पुढे पुढे तर माल आणि प्रवास दोन्ही नसताना केवळ कागदोपत्री जाऊन आलेल्या हुंड्या निघू लागल्या. अशा ‘कोरड्या’ हुंडीवर पाचव्या पायस पोपने १५७१ साली बंदी घातली. त्याच वर्षी पोपचे वर्चस्व झुगारलेल्या इंग्लंडच्या संसदेने दहा टक्क्यांपर्यंतचे व्याज व्यवहारात चालू द्यायचे ठरवले.