मॉरिशसचा अंतर्भाग एका दिवसात

प्रश्न : मॉरिशसला समुद्रकिनारे सोडून बेटाच्या आतील ग्रामीण भाग एका दिवसात पाहता येईल का?

उत्तर : अवश्य येईल. सकाळी लवकर भाड्याच्या मोटारीने निघून बोआ शेरीचे चहामळे पाहावेत, ज्वालामुखीच्या विवरातील गंगा तलावावर दर्शन घ्यावे आणि जंगलातील घाटरस्त्याने शामारेल गावी उतरावे. तेथील उघड्या टेकड्यांवरील तांबडी, जांभळी, पिवळसर माती ऊन असताना फारच उठून दिसते, म्हणून तिथे दुपारीच पोहोचावे. पठारावर पाऊस अचानक येतो, छत्री हवीच. वाटेतील उसाच्या शेतांजवळ मात्र आवर्जून थांबावे, कारण १८३४ नंतर तिथे राबलेल्या गिरमिटिया म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांत रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसेही होती.