झेब्रा हॉवर्थियाची खालची पानं मऊ पडतायत

प्रश्न: ताई, आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये थेट ऊन येतच नाही, नर्सरीवाला म्हणाला हे सावलीतही जगतं म्हणून झेब्रा हॉवर्थिया (पांढऱ्या पट्ट्यांचं, जाड पानांचं छोटं रोप) आणलं, आठवड्यातून दोनदा पाणी घालते, तरी पावसाळ्यात खालची पानं मऊ आणि पिवळी झालीत. ऊन कमी पडतंय का?

उत्तर: ऊन नाही हो, पाणी जास्त होतंय! हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, तिथे झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला वाढतं, त्यामुळे खिडकीजवळचा उजेड त्याला पुरतो, पण ओली माती अजिबात सोसत नाही आणि पावसाळ्यात तर कुंडी लवकर सुकतच नाही. आत्ताच रोप कुंडीतून बाहेर काढून बघा, काळी मऊ मुळं असतील तर स्वच्छ कात्रीने कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग अर्धी माती आणि अर्धी जाडसर वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे) घालून भोकं असलेल्या छोट्या मातीच्या कुंडीत लावा (भोक नसलेले ते शोभेचे कप दिसतात छान, पण मुळं कुजवतात). आठवडाभर पाणी नको, नंतर बोट खुपसून आतपर्यंत कोरडं लागलं तरच घाला. खत सध्या नकोच. पानं लांबुडकी, फाकलेली व्हायला लागली तर मात्र उजेड कमी पडतोय, खिडकीच्या आणखी जवळ सरकवा.