‘मन वाचणारे यंत्र’ म्हणू नये, मग काय म्हणावे?

मेंदूतले संकेत टिपून ते थेट संगणकाकडे पोचवणाऱ्या यंत्रणेबद्दल प्रश्न असा आला आहे: “‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ला मराठीत काय म्हणायचे? एका लेखात ‘मेंदू-संगणक आंतरपृष्ठ’ असे वाचले. बातम्यांत तर सरळ ‘मन वाचणारे यंत्र’ म्हणतात. यातले बरोबर कोणते?”

माझ्या मते दोन्ही नकोत. तेल आणि पाणी एकमेकांना जिथे टेकतात, तिथे ‘आंतरपृष्ठ’ शोभते. इथे पृष्ठाला काही काम नाही, महत्त्व आहे ते ये-जा होण्याला. त्यासाठी ‘दुवा’ हा शब्द तयारच आहे. साखळीची कडी हा त्याचा अर्थ आपल्याला माहीत आहे आणि इंटरनेटमुळे तो रोजच्या वापरातही आला आहे. म्हणून ‘मेंदू-संगणक दुवा’. मूळ इंग्रजी संज्ञा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॅक विडाल यांनी 1973 मध्ये वापरली, तीही अशीच साध्या शब्दांची होती.

‘मन वाचणारे’ हा शब्दप्रयोग मात्र मला खरोखर खटकतो, कारण त्याने वस्तुस्थितीच उलटी होते. केसी हॅरेल यांचे उदाहरण घ्या. एएलएस या, स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या आजाराने त्यांचे बोलणे समजेनासे झाले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात त्यांच्या मेंदूत 256 इलेक्ट्रोड बसवले, आणि 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून सुमारे 97 टक्के शब्द बरोबर. ते इलेक्ट्रोड बसवले कुठे? ओठ, जीभ, जबडा आणि कंठ यांना हालचालीचे हुकूम देणाऱ्या भागात. हॅरेल बोलायचा प्रयत्न करतात, हुकूम सुटतो, पण स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. यंत्र तो हुकूम वाटेत टिपते, त्यातून आधी ध्वनी ओळखते आणि मग शब्द जुळवते. माणूस बोलू पाहतो तेव्हाच यंत्राला काही मिळते.

या ‘बोलू पाहण्या’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे: विवक्षा. ‘वच्’ धातूपासून झालेला, बोलण्याची इच्छा. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, तशी ही. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात बोलणे कसे घडते ते सांगताना हाच शब्द येतो: आत्मा बुद्धीच्या साहाय्याने अर्थ गोळा करतो, मग विवक्षेने मनाला कामाला लावले जाते, आणि त्यानंतर वारा छातीतून वर चढतो. आपण ‘विवक्षित’ म्हणजे ‘ठरावीक’ इतकेच धरून चालतो. मुळात ते ‘जे सांगायचे होते ते’. यंत्राची खरी कसोटीही तीच आहे. कारण ध्वनी अर्धवट ओळखले गेले की यंत्रातले भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) पुढचा शब्द अंदाजाने भरते, आणि शक्य असलेला शब्द विवक्षित असेलच असे नाही.

हे मी घरात पाहिले आहे. मामांची वाचा गेल्यावर मामींनी जुन्या कॅलेंडरच्या मागे वर्णमाला लिहून घेतली होती. “कवर्ग? चवर्ग? टवर्ग?” असे एकेक ओळीवरून बोट न्यायच्या, मामा पापणी मिटायचे, मग त्या ओळीतले अक्षर. एका दुपारी ‘प’ झाले, ‘ख’ झाले. अनुस्वार, काना वगैरेची वाट न पाहता मामी उठल्या आणि पंखा वाढवला. मामांच्या डोळ्यांत पाणी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तेव्हा कळले, त्यांना थंडी वाजत होती, पंखा बंद हवा होता. मामी ज्याला सेवा म्हणायच्या त्या ‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ आहे, हे मला फार नंतर कळले.

मामींची ती पद्धत आणि 1988 मध्ये फारवेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी केलेली अक्षरांची 6×6 चौकट यांत तत्त्वाचा फरक नाही: ओळी आणि रकाने उजळत राहतात, हवे ते अक्षर उजळले की मेंदूत ठरावीक लहर उठते. फक्त पापणीच्या जागी लहर. 2021 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने अक्षरे मनाने ‘लिहवून’ मिनिटाला 90 अक्षरांचा वेग गाठला. 2023 मध्ये त्यांनीच बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला 62 शब्द काढले, तरी चारातला जवळपास एक शब्द चुकत होता. हॅरेल यांचे 97 टक्के त्यानंतरचे.

स्टॅनफर्डच्या त्या कामातला एक तपशील वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला सुखावणारा आहे. तोंडात जवळजवळ उच्चारले जाणारे ध्वनी मेंदूतल्या त्या संकेतांतही जवळजवळ आढळले. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ अशी आपली मांडणी याच जवळिकीवर बेतलेली आहे. पण मराठीसाठी दुवा करायचा तर लिपीवर विसंबून भागणार नाही. ‘दोन अधिक दोन चार’ आणि ‘गाईला चार’, लिहायला एकच. पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य. जिभेला फरक कळतो, म्हणून हुकुमातही तो असणार. यंत्राला शिकवताना हे दोन ध्वनी वेगळेच धरावे लागतील.

‘वाचा गेली’ या शब्दांतही एक गफलत आहे. स्नायू ऐकेनासे झाले तरी आपण हेच म्हणतो, आणि मेंदूतली भाषाच दुखावली तरी हेच. दुसऱ्याला ‘वाचाघात’ म्हणावे. वर सांगितलेली यंत्रे पहिल्या प्रकारासाठी आहेत. वाचाघात झालेल्याच्या घरच्यांना ‘मन वाचणारे यंत्र’ वाचून जी आशा वाटते ती पुरी होत नाही, म्हणूनही तो शब्द टाळावा.

कोणी म्हणेल, 2025 मध्ये मनातल्या मनात उच्चारलेले शब्दही टिपले ना? हो, स्टॅनफर्डमध्येच. पण तेव्हाही मनातल्या मनात ‘बोललेले’ शब्दच टिपले गेले, आणि नको ते बाहेर पडू नये म्हणून मनात ठरलेले परवलीचे शब्द म्हटल्यावरच यंत्र जागे होईल, अशी सोयही त्याच संशोधकांनी करून पाहिली. ‘मनात बोलणे’ आणि ‘मनात असणे’ मराठीत वेगळे आहेत, ते वेगळेच ठेवू.

बोलण्यापुरत्या यंत्राला ‘वाचादुवा’ हा सुटसुटीत शब्द मी सुचवतो. क्रियापदाबद्दलही सांगून ठेवतो. ‘यंत्र रुग्णाच्या वतीने बोलले’ असे लिहू नका. आपण फोनवरून बोलतो, फोन आपल्या वतीने बोलत नाही. तसेच, हॅरेल वाचादुव्यावरून बोलले.