सौरऊर्जेवर चालवलेल्या आरओ प्लांटचे मेम्ब्रेन लवकर जातात हे खरं का? आणि मेम्ब्रेनपासून वीज बनते म्हणतात, ते काय?

मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या गुंडाळ्या, सोलरमुळे जात नाहीत, बंद प्लांटमध्ये साचलेल्या पाण्यामुळे जातात. हेच मी अकरा वर्षांपूर्वी एका बैठकीत बोललो होतो आणि मला गप्प बसवलं होतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आमचा प्लांट खाऱ्या बोअरच्या पाण्याचा. बॅटरी नाही, पॅनलची वीज थेट पंपाला. रिकव्हरी ७५ टक्के. म्हणजे चार लिटरमधले तीन गोडे होऊन बाहेर पडणार आणि चारही लिटरचा जवळपास सगळा क्षार उरलेल्या एका लिटरात. अँटिस्केलंट, म्हणजे क्षाराचे थर धरू नयेत म्हणून पाण्यात सोडायचं रसायन, त्याला थोपवून धरतं, पण थोडाच वेळ. पाणी वाहतंय तोवर ठीक. ढग आला, पंप थांबला, की ते चौपट खारं पाणी व्हेसलमध्ये, म्हणजे मेम्ब्रेन बसवलेल्या नळकांड्यात, तसंच बसलं. ढगाळ दिवशी दहा-दहा वेळा, आणि रात्रभर तर रोजचंच.

बंद होताना गोडं पाणी सोडून ते रिजेक्ट, म्हणजे उरलेलं खारं पाणी, बाहेर ढकलायचं, एवढंच काम. त्यासाठी उंचावर एक टाकी आणि वीज गेली की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह. नेमकी ती टाकी साहेबांनी अंदाजपत्रकातून उडवली.

आठ महिन्यांत पाणी निम्म्यावर आलं. साहेबांचं निदान तयारच होतं, 'सोलरला मेम्ब्रेन टिकत नाहीत.' मी व्हेसल उघडून शेवटचा मेम्ब्रेन ओढून काढला, तर एकट्याला उचलेना. चिरून उलगडला. जाळीच्या घराघरांत पांढऱ्या सुया, बोटाला कचकचणाऱ्या. त्यावर आम्लाचा थेंब टाकला. फसफसला असता तर कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लाने धुऊन निघतं. थेंब तसाच बसून राहिला. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट! ते एकदा घट्ट बसलं की धुण्याचे सोपस्कार बहुतेक वायाच. मग त्याच रांगेतला पहिला मेम्ब्रेन उघडला, तो जवळपास कोरा. पाणी रांगेत पुढे सरकतं तसं खारं होत जातं, सगळ्यात खारं शेवटच्याच्या वाट्याला. वीज दोघांनाही सारखीच खंडित होत होती ना? मग दोष सोलरचा कसा?

तो तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "टाकीने काय होणार आहे? नवे मागवा," म्हणाले. मागवले. पुढच्या वर्षी परत मागवले.

सोलरचा खरा त्रास वेगळाच आहे. ऊन उतरलं की दाब उतरतो, गोडं पाणी कमी येतं. पण मेम्ब्रेनमधून झिरपणारा क्षार दाबावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढतो. ते पाणी वेगळं काढा, पिण्याच्या टाकीत सोडू नका.

विजेचं म्हणाल तर तत्त्व खरं आहे. गोडं पाणी मेम्ब्रेनमधून खाऱ्याकडे ओढलं जातं, त्या दाबावर टर्बाइन फिरवायचं. नॉर्वेत टॉफ्टे इथे स्टॅटक्राफ्ट या तिथल्या सरकारी वीज कंपनीने २००९ मध्ये असा नमुना प्लांट उभारला आणि २०१३ मध्ये गुंडाळला, खर्चाचं गणित बसेना. तुम्ही त्या फंदात पडू नका.

हां, एक राहिलं. हे सगळं बोअरच्या पाण्याचं. समुद्राच्या पाण्यात रिकव्हरी ४०-४५ टक्क्यांच्या आसपास असते, जिप्समची भीती कमी. तिथे पहिल्या मेम्ब्रेनवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, आणि थांबलेल्या पाण्यात तो वाढतोच. शिवाय घनमीटरला तीन-चार युनिट लागतात, तेव्हा पॅनलचा हिशेब वेगळा. आणि पाणी कमी न होता उलट वाढलं, वर खारं यायला लागलं, तर मेम्ब्रेन तुंबलेला नाही, क्लोरीनने जळला असण्याची शक्यता जास्त. तिथे माझी टाकीसुद्धा कामाची नाही.

पण कोटेशन आलं की आधी ड्रॉइंगमध्ये फ्लशिंगची टाकी शोधा. 'नंतर बसवू' म्हणाले तर सही करू नका. आमच्याकडेही नंतरच बसवणार होते.