हात थरथरला म्हणून कॉल केला

प्रश्न : पोकरचा लाइव्ह कॅश गेम (समोरासमोर बसून, पैशांवर) खेळायला लागून सहा महिने झाले, समोरच्याचा चेहरा वाचायला जातो आणि दर वेळी फसतो. परवा माझ्याकडे एक्का-राजा, फ्लॉपवर (टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पानं) राजा, नव्वी, चव्वी. फ्लॉप आणि टर्नला (चौथं पान) मी बेट केली, समोरचा चेक करून (बेट न लावता पाळी पुढे देऊन) नुसता कॉल, म्हणजे माझ्याएवढेच पैसे टाकले. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) अजून एक चव्वी आली आणि त्याने एकदम पॉटएवढी, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांएवढी बेट टाकली, चिप्स ठेवताना हात चक्क थरथरत होता. म्हटलं घाबरलाय, ब्लफ आहे, कॉल केला तर त्याच्या हातात दोन नव्व्या, फुल हाउस (तीन नव्व्या, दोन चव्व्या)! कुठे चुकलं?

उत्तर : थरथर बरोबर पाहिलीत हो, अर्थ उलटा लावलात. ब्लफ मारणारा बऱ्याचदा स्वतःला आवळून बसतो, हालचाल कमी, श्वाससुद्धा जपून. मोठी पानं लागली की ताण सुटतो आणि तेव्हा हात हलतो. अर्थात काहींचा हात पाण्याची बाटली उचलतानाही हलतो, त्यामुळे हा माणूस एरवी कसा बसतो ते आधी बघून ठेवलेलं नसेल तर त्या थरथरीला काही किंमत नाही.

पण खरं सांगू का, हा डाव त्याच्याकडे न बघताही वाचता आला असता. दोन वेळा गुपचूप कॉल करणारा माणूस बोर्डवर (टेबलावरच्या पानांत) जोडी पडल्यावर तुमची वाट न बघता पॉटएवढे पैसे पुढे सरकवतो, छोट्या स्टेक्सवर (कमी पैशांच्या खेळात) असे लोक तिथे क्वचितच ब्लफ मारतात. पॉटएवढ्या बेटला कॉल परवडायला तीनातून एकदा तरी तुम्ही जिंकायला हवं, मग स्वतःला विचारायचं की याच्याकडे एवढे ब्लफ आहेत कुठे? फसलेला ड्रॉ (हवं ते पान न आल्याने अर्धवट राहिलेली पानं) असेलही एखादा, पण तेवढ्यावर राजांच्या जोडीने कॉल करवत नाही.

आता बघायचं कधी, तर पानं टाकून दिल्यावर. लाइव्ह टेबलवर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात, त्यातले बहुतेक तुम्ही फोल्डच करता आणि तेवढ्यात सगळे मोबाइल काढतात (मीही काढायचो, उगाच का सांगतोय). तो वेळ फुकटचा आहे. शोडाउनला (शेवटी पानं दाखवताना) कोणी काय उलटवलं ते बघा आणि डाव मनात मागे न्या, प्रीफ्लॉप (फ्लॉपच्या आधीचा) रेज, म्हणजे वाढवलेली बेट, किती होता, टर्नला किती टाकले. मोठ्या पानांना मोठी आणि अर्ध्यामुर्ध्या पानांना छोटी बेट टाकणारे खूप असतात आणि त्यांना स्वतःलाच ते माहीत नसतं. फ्लॉप उघडतो तेव्हा पानांकडे नाही, माणसांकडे बघा, पानं काय पळून जात नाहीत, पण एखाद्याची नजर झटकन स्वतःच्या चिप्सकडे जाते ती क्षणभरच दिसते.

आणि सगळ्या टेबलला वाचायला जाऊ नका, डोकं फिरेल. डावीकडचे दोघं धरा, बहुतेक डावांत तुमच्यानंतर तेच बोलणार असतात, आणि त्यांच्यातला एखादा त्याची पाळी यायच्या आधीच पानं फेकायच्या तयारीत धरून बसलेला दिसेल.