१४ इंची लोखंडी रिम काढून १६ इंची अलॉय बसवले तर गाडीचा पिकअप कमी होतो का?

वजन वाढलं तर होतो, सिग्नलवरून गाडी उचलताना जाणवतो. चाक नुसतं पुढे न्यायचं नसतं, फिरवायचंही असतं. म्हणून टायरच्या बाहेरच्या कडेला वाढलेला १ किलो वेग घेताना डिकीतल्या जवळपास २ किलोंइतका भारी पडतो. हबजवळचा, म्हणजे चाकाच्या मध्याजवळचा, तेवढा नाही. त्यामुळे रिमसोबत टायरचंही वजन विचारा (दुकानदार आपणहून सांगत नाहीत). हायवेला एकसारख्या वेगात वजनाचा फरक नगण्य. खड्ड्यांत मात्र कळतो: हे वजन सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे जड चाक उसळलं की पुन्हा रस्ता पकडायला वेळ लावतं. आणि अलॉय म्हणजे हलकंच असं काही नाही. स्वस्तातलं १६ इंची अलॉय कंपनीच्या १४ इंची लोखंडी रिमपेक्षा जड निघू शकतं. काट्यावर ठेवूनच घ्या.